सगळे सजीव त्याच रसायनांचे बनलेत, मग फरक नेमका कशात असतो? रक्तगटांवरून सांगते

प्रश्न असा आहे की माणूस, माकड, डुक्कर, बुरशी सगळेच जर कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजनचेच बनलेले असतील तर रसायनाच्या दृष्टीनं त्यांच्यात फरक कुठे असतो, आणि दोन माणसांमधला फरक आणि माणूस-माकडातला फरक हे एकाच जातकुळीतले फरक आहेत का. प्रश्न फार चांगला आहे. "डीएनए वेगळा असतो" एवढं सांगून लोक मोकळे होतात, पण त्यातून काहीच कळत नाही, कारण डीएनए वेगळा म्हणजे रसायन म्हणून नक्की काय वेगळं हे तसंच राहतं. मी वर्षानुवर्षं रक्तपेढीत काम करतेय, आणि आमचं अख्खं कामच मुळी दोन माणसांच्या रक्तातला रासायनिक फरक शोधून काढायचं आहे, तो फरक हुकला तर पेशंट जिवाला मुकू शकतो. त्यामुळे मी बहुतेक सगळं रक्तावरूनच सांगणार आहे, जरा लांबेल पण वाचा.

आधी साहित्याचं बघू. माणसाच्या वजनात साधारण ६५ टक्के ऑक्सिजन, १८ टक्के कार्बन, १० टक्के हायड्रोजन आणि ३ टक्के नायट्रोजन असतो, बाकी कॅल्शियम, फॉस्फरस वगैरे, आणि हाच हिशोब माकडाचा किंवा डुकराचा केलात तर फारसा वेगळा येणार नाही. एक पायरी वर चढलात तरी तेच, डीएनएमध्ये चारच बेस (ए, टी, जी, सी ही त्याची अक्षरं) आणि प्रोटीनमध्ये तीच २० अमिनो आम्लं, जीवाणूपासून देवमाशापर्यंत. काही ठिकाणी साहित्यच वेगळं असतं हे खरंय, उदाहरणार्थ आपल्या पेशींच्या आवरणात कोलेस्टेरॉल असतं तर बुरशीच्या आवरणात त्याच्या जागी एर्गोस्टेरॉल असतं, आणि गजकर्णावर तुम्ही क्लोट्रिमाझोल लावता ते एर्गोस्टेरॉल बनायची प्रक्रियाच अडवतं म्हणून बुरशी मरते आणि तुमची कातडी शाबूत राहते. जीवाणूंच्या भिंतीचं पेप्टिडोग्लायकन आपल्याकडे नसतंच, पेनिसिलीन तिथेच घाव घालतं. पण ही झाली फार दूरच्या नातेवाइकांची गोष्ट. प्राणी-प्राण्यांत आणि माणसा-माणसांत आलात की साहित्य जवळपास एकच असतं आणि फरक असतो तो क्रमात, म्हणजे कशाच्या पुढे काय जोडलंय यात.

या क्रमाची ताकद किती असते ते बघा, फक्त १०० अमिनो आम्लांची साखळी घेतली तरी तिच्या शक्यता २० चा १०० वा घात इतक्या होतात. इन्सुलिनचंच घ्या. गाईच्या इन्सुलिनचा पूर्ण क्रम फ्रेडरिक सँगर यांनी लावला, त्यांना १९५८ चं नोबेल त्यावरच मिळालं. या इन्सुलिनमध्ये ५१ अमिनो आम्लं, आणि माणसाचं आणि डुकराचं इन्सुलिन शेजारी ठेवलं तर फरक फक्त एका जागी, बी साखळीच्या अगदी टोकाला आपल्याकडे थ्रिओनिन आणि डुकराकडे अ‍ॅलनिन. गाईशी तीन जागी फरक. म्हणूनच कित्येक दशकं डायबेटिसच्या पेशंटना डुकराचं आणि गाईचं इन्सुलिन टोचलं जात होतं आणि ते काम करत होतं. म्हणजे फरक आहे, पण तो अशा जागी आहे की कामात अडथळा येत नाही.

आता याच्या बरोबर उलटं उदाहरण, आणि हे आपल्या विदर्भात, गडचिरोली-चंद्रपूरकडे, तसंच नंदुरबारकडे ज्यांनी काम केलंय त्यांना चांगलंच माहीत आहे, सिकलसेल. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात, त्यातलं सहावं ग्लुटामिक आम्ल असायला हवं तिथे व्हॅलिन येतं, आणि डीएनएमध्ये बघाल तर एका अक्षराचा बदल, ए च्या जागी टी. ग्लुटामिक आम्लावर ऋण प्रभार असतो आणि त्याला पाण्यात राहायला आवडतं, व्हॅलिनला पाणी नको असतं. त्यामुळे ऑक्सिजन सुटला की हे हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या तयार करतात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. प्रभारातला हा फरक लायनस पॉलिंग यांनी १९४९ मध्ये इलेक्ट्रोफोरेसिसवर, म्हणजे विजेच्या जोरावर रेणू वेगळे करायच्या पद्धतीनं, दाखवला, नेमकं कुठलं अमिनो आम्ल बदललंय ते काही वर्षांनी व्हर्नन इनग्रॅम यांनी शोधलं. आम्ही सोल्युबिलिटी टेस्ट करतो तेव्हा हे डोळ्यांना दिसतं, ट्यूबमधल्या द्रावणातलं रसायन ऑक्सिजन काढून घेतं, ट्यूबच्या मागे रेघा मारलेला कागद धरायचा, साधं रक्त असेल तर रेघा आरपार दिसतात आणि सिकल हिमोग्लोबिन असेल तर द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा होतात. (ही टेस्ट वाहक आणि रुग्ण दोघांतही पॉझिटिव्ह येते, त्यामुळे तेवढ्यावर कुणाला "तुम्हाला आजार आहे" असं सांगू नका, पुढची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी) झालीच पाहिजे.)

आता मुख्य मुद्द्याकडे येते, कारण प्रोटीनचा क्रम बदलला की फक्त ते प्रोटीन बदलतं असं नाही, ते प्रोटीन जर एन्झाइम, म्हणजे शरीरातली रासायनिक प्रक्रिया घडवून आणणारं, असेल तर त्याच्या हातून घडणारी भलतीच रसायनं बदलतात. एबीओ रक्तगट हे त्याचं सगळ्यात सुंदर उदाहरण आहे असं मला मनापासून वाटतं.

ए, बी, ओ हे गट कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये सांगितले, पण त्यामागचं रसायन कळायला पुढे पन्नास वर्षं गेली. लाल पेशीच्या पृष्ठभागावर साखरांच्या छोट्या छोट्या साखळ्या लटकलेल्या असतात, एकेका पेशीवर दहा लाखांच्या आसपास. त्या साखळीच्या टोकाला फ्युकोज नावाची साखर बसली की त्याला एच म्हणतात, आणि एवढंच असेल तर तुम्ही ओ गटाचे. त्या एच वर आणखी एक साखर बसते, ती गॅलॅक्टोज असेल तर बी गट, आणि तीच गॅलॅक्टोज पण तिच्या दुसऱ्या कार्बनवर साध्या ओएच ऐवजी नायट्रोजनवाला एक अ‍ॅसिटिल गट असेल, म्हणजे एन-अ‍ॅसिटिल गॅलॅक्टोसामिन, तर ए गट. दोन्ही बसल्या तर एबी. म्हणजे ए आणि बी यांच्यातला सगळा फरक एका साखरेच्या एका कार्बनवर काय लटकलंय एवढाच आहे, पण चुकीची पिशवी चढली तर शरीराला तो अचूक कळतो आणि काही मिनिटांत लाल पेशी रक्तवाहिन्यांतच फुटायला लागतात.

ही शेवटची साखर बसवणारं एन्झाइम ३५४ अमिनो आम्लांचं. ए वाल्यांचं आणि बी वाल्यांचं एन्झाइम फक्त चार जागी वेगळं आहे, १७६, २३५, २६६ आणि २६८, आणि त्यातल्याही शेवटच्या दोन जागाच मुख्यतः ठरवतात की कुठली साखर उचलायची. ओ गटात बहुतेक वेळा डीएनएमधलं एक अक्षर गळालेलं असतं, २६१ व्या जागेचं जी, त्यामुळे पुढचं सगळं वाचन सरकतं, एन्झाइम अर्धवट बनतं आणि काहीच बसवत नाही. हे १९९० मध्ये यामामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. लोकांना वाटतं की ओ हा कुठला तरी तिसरा पदार्थ आहे, तसं नाहीये, ओ म्हणजे तिथे काही बसवलेलं नाही.

साखरेचंच सगळं आहे हे १९५० च्या दशकात लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स यांनी ज्या पद्धतीनं शोधलं ती मला आजही फार आवडते. एखाद्या गटाच्या पेशींना धरून त्यांच्या गुठळ्या करणारं सीरम (रक्तातला पेशी नसलेला द्रव) घ्यायचं, त्यात आधी एकेक साधी साखर मिसळायची आणि मग पेशी टाकायच्या. जी साखर मिसळल्यावर गुठळ्या होणं थांबतं तीच त्या गटाची ओळख, कारण सीरम त्या सुट्या साखरेवरच अडकून बसतं आणि पेशींपर्यंत पोचत नाही. फ्युकोजनं एच ची गुठळी थांबली, एन-अ‍ॅसिटिल गॅलॅक्टोसामिननं ए ची. महागडं मशीन नाही, काही नाही.

आणि आपल्या स्वयंपाकघरातलं एक कडधान्य यात आहे हे किती जणांना माहीत असेल कोण जाणे. कुळीथ! आपण ज्याचं पिठलं करतो तेच हुलगे. त्याच्या दाण्यात एक लेक्टिन म्हणून प्रोटीन असतं, ते नेमकं ए गटाच्या साखरेला धरतं. जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी हे १९५१ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध केलं. आजही ए गटाचे ए-वन आणि ए-टू असे उपप्रकार ओळखायला आम्ही कुळथापासून काढलेलं अँटी-ए-वन लेक्टिनच वापरतो, ठरलेल्या प्रमाणात पातळ केलेलं. ट्यूबमध्ये एक थेंब लेक्टिन, एक थेंब पेशी, सेंट्रिफ्यूज फिरवायचं आणि ट्यूब हलक्या हातानं हलवायची, ए-वन असेल तर तळाशी बसलेल्या पेशींचा एकच घट्ट गोळा उठतो आणि बी असेल तर पेशी धुरासारख्या मोकळ्या होऊन वर येतात. एका वनस्पतीच्या प्रोटीनला माणसा-माणसातला फरक कळतोय, तो का कळतोय तर साखरेचा आकार त्याच्या खोबणीत बसतो म्हणून, त्याला माणूस कळत नाही की रक्त कळत नाही.

आता बॉम्बे गट. यावर लिहिल्याशिवाय हे उत्तर पूर्ण होणारच नाही. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये हा गट प्रसिद्ध केला, मॉर्गन आणि वॉटकिन्स यांचंही नाव त्या शोधनिबंधावर आहे. या लोकांमध्ये मुळातली फ्युकोजच बसत नाही, कारण फ्युकोज बसवणाऱ्या एफयूटी-१ या जनुकात बिघाड असतो, आपल्याकडच्या लोकांत बहुधा २४२ व्या जागी ल्युसिनच्या ऐवजी आर्जिनिन आलेलं असतं. फ्युकोज नाही म्हणजे एच नाही, आणि एच नाही म्हणजे ए चं किंवा बी चं एन्झाइम अगदी धडधाकट असलं तरी त्याला साखर बसवायला जागाच नाही. भारतात साधारण दहा हजारांत एक असा असतो आणि युरोपात याहून कितीतरी दुर्मिळ.

धोका असा की नुसत्या अँटी-ए आणि अँटी-बी नं (म्हणजे ए किंवा बी पेशींच्या गुठळ्या करणाऱ्या द्रावणांनी) तपासलं तर बॉम्बे माणूस सरळ ओ म्हणून निघतो. दोन्हींत गुठळी नाही, झालं, कार्डावर ओ पॉझिटिव्ह लिहिलं जातं. खरं काय ते रिव्हर्स ग्रुपिंगमध्ये कळतं, म्हणजे पेशंटचा प्लाझ्मा (रक्तातला पेशी नसलेला पातळ भाग) घ्यायचा आणि त्यात ओळखीच्या ए, बी आणि ओ पेशी टाकायच्या. खऱ्या ओ माणसाचा प्लाझ्मा ओ पेशींना हात लावत नाही, बॉम्बे माणसाचा प्लाझ्मा ओ पेशींचाही चार प्लसचा, म्हणजे अगदी घट्ट, गोळा करतो, कारण त्याच्या शरीरानं एच कधी बघितलेलाच नाही आणि त्याच्या लेखी तो परका आहे. स्वतःच्या पेशींबरोबर मात्र गुठळी होत नाही, ऑटो कंट्रोल निगेटिव्ह. मग युलेक्स नावाच्या झुडपाचं अँटी-एच लेक्टिन लावून बघायचं, ओ पेशी जोरात गोळा होतात आणि बॉम्बेच्या पेशी ढिम्म. अशा माणसाला ओ ची पिशवी चढवणं म्हणजे जिवाशी खेळ, त्याला फक्त बॉम्बेचंच रक्त चालतं. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, ओ सेल घालून रिव्हर्स ग्रुपिंग केल्याशिवाय कुणाच्याही कार्डावर ओ लिहू नका, आणि घरात कुणी बॉम्बे निघालं तर सख्ख्या भावंडांची तपासणी आधी करा, आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक भावंडाला चारात एक शक्यता असते.

अजून एक गोष्ट यातून कळते जी कुटुंबांच्या दृष्टीनं फार महत्त्वाची आहे. समजा आई बॉम्बे आहे आणि तिच्याकडे बी चं एन्झाइम बनवणारं जनुक आहे, पण कार्डावर ओ लिहिलंय. वडील खरे ओ. मूल बी गटाचं होतं, कारण वडिलांकडून चालू असलेलं फ्युकोजचं जनुक आलं आणि आईकडून बी चं. कागदावर दोन ओ पालकांचं बी मूल! अशा वेळी घरात नको ते संशय घेतले जातात, आणि खरं कारण फक्त एका साखरेचं असतं. कृपा करून आधी नीट तपासा.

आता प्रश्नाचा दुसरा भाग, माणूस आणि माकड. इथे जे सांगणार आहे ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दोनदा वाचलं होतं. ए आणि बी हे गट माणसाचे खासगी नाहीतच. चिंपांझींमध्ये बहुतेक ए असतात आणि काही ओ, गोरिला बी असतात, आणि ए-बी मधला हा फरक माणूस, चिंपांझी, गोरिला वेगळे व्हायच्या खूप आधीपासून चालत आलाय असं डीएनएचा अभ्यास सांगतो. म्हणजे तुम्ही बी आणि तुमचा सख्खा भाऊ ए असेल, तर या एका साखरेपुरतं तुमचं गोरिलाशी जमतं आणि भावाशी जमत नाही. (म्हणून गोरिलाचं रक्त चालेल असं अजिबात नाही, बाकी शेकडो गोष्टी वेगळ्या असतात.) रासायनिक फरक प्रजातींच्या हद्दी बघून पडत नाहीत, ज्या जनुकात जेव्हा बदल झाला तिथून ते पुढे वाहत येतात.

पण काही फरक बरोबर हद्दीवर पडलेलेही आहेत. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या पेशींवर अल्फा-गॅल नावाची साखरेची जोडी असते, दोन गॅलॅक्टोज एका विशिष्ट बंधानं जोडलेले, आणि ती बनवणारं एन्झाइम आपल्या एबीओ च्या एन्झाइमचं चुलत भावंड आहे. आफ्रिका-आशियातली माकडं, वानर आणि माणूस यांच्यात मात्र ते जनुक बंद पडलंय. त्यामुळे आपल्या शरीराला ही जोडी परकी वाटते, आतड्यातल्या जीवाणूंवर तशाच साखरा असल्यानं तिच्याविरुद्धच्या अँटिबॉडी (परक्या पदार्थाला धरणारी रक्तातली प्रोटीन) आपण लहानपणापासून बाळगून असतो, अगदी ए माणसाकडे अँटी-बी असतात तशाच. डुकराचा अवयव माणसात बसवला तर काही मिनिटांत काळा-निळा पडतो तो मुख्यतः यामुळेच. जानेवारी २०२२ मध्ये बाल्टिमोरला डेव्हिड बेनेट यांना डुकराचं हृदय बसवलं तेव्हा त्या डुकरात दहा जनुकीय बदल केलेले होते, त्यातले तीन अशा साखरा बनवणारी जनुकं बंद करण्याचे. बेनेट साधारण दोन महिने जगले. माझ्या दृष्टीनं हा क्रॉसमॅचच (रक्त चढवण्याआधी दोघांचं रक्त जुळतं का ते बघायची तपासणी) आहे, फक्त फार मोठ्या पातळीवरचा.

त्या तीन साखरांमधली एक आणखी आहे, ती तर माणूस आणि चिंपांझीच्या मधोमध बसते. पेशींच्या साखळ्यांच्या टोकाला सायलिक आम्लं असतात, त्यांचे सस्तन प्राण्यांत दोन मुख्य प्रकार, आणि दोघांत फरक फक्त एका ऑक्सिजन अणूचा. तो जास्तीचा ऑक्सिजन जोडणाऱ्या एन्झाइमचं जनुक, सीएमएएच, माणसात मोडलंय, ९२ अक्षरांचा तुकडाच गायब आहे. चिंपांझीत ते शाबूत आहे. हे वेल्लोरच्या सीएमसीत शिकलेल्या आणि पुढे सॅन डिएगोत संशोधन करणाऱ्या अजित वारकी यांच्या गटानं १९९८ मध्ये दाखवलं. परिणाम मोठे आहेत, आपल्याला मलेरिया देणारा फॅल्सिपेरम परजीवी आपल्या प्रकारच्या सायलिक आम्लाला धरून लाल पेशीत शिरतो आणि चिंपांझीचा परजीवी त्यांच्या प्रकाराला धरतो.

तेव्हा दोन माणसांमधला फरक आणि माणूस-वानरातला फरक हे रसायन म्हणून एकाच प्रकारचे आहेत, क्रमातला बदल, त्यातून एन्झाइम बदलणं किंवा बंद पडणं, आणि त्यातून पृष्ठभागावरचा छोटासा रेणू बदलणं. फक्त संख्या कितीतरी जास्त. पण एक जोड दिलीच पाहिजे, कारण प्रोटीनच्या क्रमावर सगळं भागत नाही. माणूस आणि चिंपांझीची प्रोटीन इतकी सारखी आहेत (सायटोक्रोम सी तर १०४ च्या १०४ अमिनो आम्लं जशीच्या तशी) की मेरी-क्लेअर किंग आणि अ‍ॅलन विल्सन यांनी १९७५ मध्येच म्हटलं होतं की मोठा फरक कुठलं जनुक कधी, कुठे आणि किती चालतं यात असणार.

याचं घरगुती उदाहरण म्हणजे दूध. दुधातली लॅक्टोज साखर तोडणारं लॅक्टेज एन्झाइम लहानपणी सगळ्यांकडे असतं, मोठेपणी बऱ्याच जणांचं कमी होतं आणि मग दूध प्यायलं की पोट फुगतं. ज्यांना मोठेपणीही दूध पचतं त्यांचं एन्झाइम काही वेगळं नसतं, अगदी तेच असतं. फरक असतो जनुकाच्या अलीकडे सुमारे १४ हजार अक्षरांवर, शेजारच्या जनुकाच्या पोटात, एका सी च्या जागी टी, आणि त्यामुळे जनुक चालू राहतं. युरोपात हा बदल भरपूर आहे आणि भारतातही हाच बदल सापडतो, उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे जास्त, दक्षिण-पूर्वेकडे कमी. आणि ज्यांना दूध बाधतं त्यांनाही बहुतेक वेळा दही चालतं, कारण दह्यातले जीवाणू बरीचशी लॅक्टोज आधीच तोडून ठेवतात आणि आतड्यात गेल्यावरही तोडत राहतात. त्यांचं एन्झाइम आपल्या लॅक्टेजहून पूर्ण वेगळ्या घराण्यातलं आहे, अमिनो आम्लांचा क्रम अजिबात जुळत नाही, तरी बंध तोच तोडतात, त्याच साखरेचा, त्याच जागी.